अठरा वर्षं सरकारी नोकरी, मग रंगभूमी, मग हॉलिवूड: बॅरी फिट्झजेराल्डच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

हॉलिवूडच्या जुन्या सिनेमांतला आयरिश म्हातारा म्हटलं की एक बुटका, जाड भुवयांचा, खरखरीत आवाजाचा माणूस डोळ्यांपुढे येतो. बहुतेक वेळा तो बॅरी फिट्झजेराल्ड असतो. ‘द क्वाएट मॅन’मध्ये घोडागाडी हाकत लग्नं जुळवणारा मायकलीन ओग फ्लिन त्याचाच, आणि ‘गोइंग माय वे’तला कुरकुऱ्या म्हातारा पाद्रीही त्याचाच. लोकांना हे दोन चेहरे आठवतात. पण पडद्यावर येण्याआधी डब्लिनच्या रंगभूमीवर त्याने दोन अशा भूमिका केल्या होत्या की पुढच्या सगळ्या कामाला त्यांची सर आली नाही, आणि त्या केल्या तेव्हा तो पगारी सरकारी नोकर होता.

पूर्णवेळ नट झाल्यावर त्याची कीर्ती वाढली, पैसा वाढला, भूमिकांचा आवाका मात्र आकसत गेला. दोष सहसा डब्लिनचं अ‍ॅबी थिएटर सोडण्याला दिला जातो. मला ते निदान अर्धवट वाटतं. नुकसान झालं ते बऱ्याच उशिरा, आणि ज्या पायरीवर झालं ती पायरी वर चढण्याची होती.

पार्श्वभूमी

मूळ नाव विल्यम जोसेफ शील्ड्स. जन्म १० मार्च १८८८, डब्लिन. घर प्रॉटेस्टंट. वडील छपाईच्या धंद्यातले आणि कामगार चळवळीत वावरणारे, आई जर्मन. घरात पुस्तकं आणि वादविवाद भरपूर, पैसा बेताचा. अशा घरातल्या मुलाने जे करायचं तेच त्याने केलं. स्केरीज कॉलेजात सरकारी परीक्षांची तयारी केली आणि १९११ मध्ये नोकरीला लागला. बेकारी विम्याच्या कागदपत्रांचं काम, ठरलेली वेळ, ठरलेला पगार, पुढे निवृत्तिवेतन.

धाकटा भाऊ आर्थर आधी अ‍ॅबीत गेला, आणि त्याच्यामागून हाही तिथे जाऊ लागला. कवी यीट्स आणि नाटककार लेडी ग्रेगरी यांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये सुरू झालेलं हे साडेपाचशे-एक खुर्च्यांचं छोटं नाट्यगृह. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी नाटक करणारे तिथे बरेच होते. फिट्झजेराल्डने गर्दीतल्या बिनसंवादाच्या भूमिकांनी सुरुवात केली. पहिलं बोलकं काम चार शब्दांचं होतं आणि तेही जिभेवर उलटंपालटं झालं, नाट्यगृह हसलं, आणि तिथेच तो विनोदी नट ठरला, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशीही असो, नटांच्या आख्यायिका अशाच असतात.

सरकारी नोकराने रंगमंचावर उभं राहणं वरिष्ठांना रुचण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने दुसरं नाव घेतलं. सकाळी शील्ड्स, संध्याकाळी फिट्झजेराल्ड. तो एकटाच असं करत होता असंही नाही. त्याचा सहकलाकार पीटर जज हाही सरकारी नोकरीतला, आणि तोही एफ. जे. मॅकॉर्मिक या नावाने उभा राहायचा. हा मॅकॉर्मिक पुढे लागेल, तेव्हा नाव लक्षात असू द्या.

आपल्याकडे बँकेतून सुटून थेट तालमीला जाणाऱ्या नटांची अख्खी पिढी होऊन गेली, त्यामुळे मराठी वाचकाला या दुहेरी आयुष्याचं नवल वाटू नये.

अडचण कुठून सुरू झाली

यशापासून. ३ मार्च १९२४ रोजी नाटककार शॉन ओकेसीचं ‘जूनो अँड द पेकॉक’ अ‍ॅबीत लागलं. यादवीच्या काळातलं डब्लिन, चाळीसारख्या जुनाट इमारतीतलं एक बिऱ्हाड. कॅप्टन बॉयल हा घरचा कर्ता पुरुष. काम निघालं की याचे पाय दुखू लागतात, बढाया मात्र सात समुद्रांच्या. फिट्झजेराल्ड बॉयल झाला आणि त्याचा लाळघोट्या साथीदार जॉक्सर झाला मॅकॉर्मिक. एरवी अ‍ॅबीत नाटक आठवडाभर चालायचं. हे दुसऱ्या आठवड्यातही चालू ठेवावं लागलं.

या नाटकाचा शेवट नीट पाहायला हवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. मुलगा गोळी घालून मारला गेला आहे. मुलीला फसवून एक जण निघून गेला आहे. उधारीवर आणलेलं सामान दुकानदारांनी उचलून नेलं आहे. बायको मुलीला घेऊन कायमची घराबाहेर पडली आहे. रंगमंच रिकामा. मग बॉयल आणि जॉक्सर झिंगलेले आत येतात. बॉयलला यातलं काही ठाऊक नाही. तो खिशातलं शेवटचं सहा पेन्सांचं नाणं जमिनीवर टाकतो आणि जगाची घडी कशी विस्कटली आहे यावर जड जिभेने बोलत राहतो. नट नुसता हसवत गेला तर प्रवेश फुकट जातो, नुसता रडवत गेला तरीही. प्रेक्षकाला हसू यावं आणि आपण हसलो याची लाज वाटावी, हे नटाला साधावं लागतं. फिट्झजेराल्डला ते साधत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कचेरीत हजर असायचा.

दोन वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९२६ ला, ओकेसीचं ‘द प्लाउ अँड द स्टार्स’ आलं. १९१६ चा ब्रिटिश सत्तेविरुद्धचा ईस्टर उठाव, आणि त्याकडे पाहणारी गरीब, भांडखोर, पिणारी माणसं. गुत्त्यात राष्ट्रीय झेंडे आणलेले आणि तिथेच एक वेश्या, हे पाहून त्याच आठवड्यात नाट्यगृहात दंगा झाला. लोक रंगमंचावर चढले. यीट्सने पुढे येऊन प्रेक्षकांना खडसावलं. फ्लुथर गुड हा सुतार साकारणाऱ्या फिट्झजेराल्डने एका आंदोलकाला ठोसा लगावून खाली धाडलं, ही गोष्ट डब्लिनमध्ये अजून सांगितली जाते. याचा सख्खा भाऊ आर्थर त्या उठावात स्वतः लढला होता आणि वेल्समधल्या छावणीत बंदिवान राहून आला होता. ‘हे नट हुतात्म्यांची टिंगल करतात’ या आरोपाला त्या घरात तरी जागा नव्हती.

एवढं झाल्यावर दुसरं नाव हा पडदा उरत नाही. शहरभर चेहरा ओळखीचा झालेला, वर्तमानपत्रांत दंग्याची चर्चा, आणि माणूस मात्र अजून मस्टरवर सही करणारा. तरीही त्याने नोकरी सोडली नाही. ओकेसीने ‘जूनो’नंतर अंगमेहनतीची कामं सोडून दिली होती, त्याच्या नटाने आणखी पाच वर्षं घेतली.

हा उशीर भित्रेपणा म्हणून पाहिला जातो. मला तो शहाणपणाचा वाटतो. १९२५ मध्ये आयरिश सरकारने अ‍ॅबीला वार्षिक अनुदान सुरू केलं, इंग्रजीभाषक जगात असं अनुदान मिळवणारं ते पहिलं नाट्यगृह. पण रक्कम होती ८५० पौंड. एवढ्यावर मंडळी तगते, नटांची घरं चालत नाहीत. शिवाय नोकरीमुळे त्याला एक मुभा होती: पोटासाठी कुठलीही भूमिका घ्यावी लागत नव्हती.

१९२९: समोर असलेले पर्याय

१९२८ मध्ये ओकेसीने ‘द सिल्व्हर टॅसी’ अ‍ॅबीकडे पाठवलं आणि यीट्सने ते नाकारलं. ओकेसी आधीच लंडनला गेला होता, आता तो दुखावून दुरावला. फिट्झजेराल्डच्या बाजूने पाहिलं तर ज्या माणसाने त्याच्या आवाजाला, चालीला, आळसाला साजेसं लिहिलं, तो माणूस त्याच्या नाट्यगृहातून गेला. ‘सिल्व्हर टॅसी’त त्याच्यासाठी भूमिका होती आणि लंडनमध्ये ती करायची तर तिथे जाऊन राहणं भाग होतं.

आहे तसंच चालू ठेवावं, दिवसा कचेरी आणि संध्याकाळी अ‍ॅबी, हा सर्वांत सोपा मार्ग. त्यात धोका शून्य, पण ओकेसी गेल्यावर नवं काही मिळण्याची शक्यताही कमीच. नोकरी सोडून अ‍ॅबीतच पूर्णवेळ राहावं, तर उत्पन्न घटणार आणि बदल्यात मिळणारं काम तेच. लंडनला जावं, तर एकाच नाटकाच्या भरवशावर निवृत्तिवेतनावर पाणी सोडायचं. वय एक्केचाळीस. बायको-मुलं नाहीत, आणि ही बाब तागडीत बरीच जड असणार, कारण तो शेवटपर्यंत अविवाहितच राहिला.

त्याने राजीनामा दिला.

ऑक्टोबर १९२९ मध्ये लंडनच्या अपोलो थिएटरात सी. बी. कॉक्रन या निर्मात्याने नाटक उभं केलं. चार्ल्स लॉटन प्रमुख भूमिकेत, दुसऱ्या अंकाचं नेपथ्य ऑगस्टस जॉन या चित्रकाराचं. समीक्षकांनी वाखाणलं, तिकीट खिडकीने साथ दिली नाही. काही आठवड्यांत नाटक उतरलं. ज्या नाटकासाठी नोकरी सोडली ते असं संपलं. तो डब्लिनला परतला, आता पूर्णवेळ नट म्हणून.

पैशाच्या हिशेबाने हा निर्णय फसला. तरी मी त्याला चुकीचा म्हणणार नाही. आपले डॉ. श्रीराम लागूही चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ मध्ये, वैद्यकीय व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले. त्या वयात नटाला आपल्यात काय आहे हे नक्की कळलेलं असतं. पंचविशीत फक्त तसं वाटत असतं.

१९३६: मागे राहायचं की परतायचं

१९३१ पासून अ‍ॅबीचे अमेरिका दौरे पुन्हा सुरू झाले. गावोगावी एकेक दोन-दोन रात्रींचे प्रयोग, लांबलचक रेल्वेप्रवास, पेटाऱ्यांत भरलेले पडदे. तिथे जॉन फोर्डसारख्या आयरिश वंशाच्या दिग्दर्शकांची नजर या मंडळींवर होतीच. १९३६ मध्ये फोर्डने आर. के. ओ. स्टुडिओसाठी ‘द प्लाउ अँड द स्टार्स’ करायला घेतला आणि अ‍ॅबीच्या काही नटांना बोलावलं. बार्बरा स्टॅनविक नायिका. फिट्झजेराल्ड पुन्हा फ्लुथर. मॅकॉर्मिकही गेला, आर्थरही गेला.

सिनेमा काही जमला नाही. फोर्डचं काम झाल्यावर स्टुडिओने काही भाग पुन्हा चित्रित करून घेतला आणि नाटकाची धार बोथट झाली. मॅकॉर्मिक परतला. फिट्झजेराल्ड थांबला. तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता.

पुढच्या आठ वर्षांत त्याने मिळेल ते केलं. ‘ब्रिंगिंग अप बेबी’त बागेचा माळी, ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’त मुष्टियोद्ध्याचा साथीदार, एका टारझनपटातही हजेरी. लहान कामं, पण त्यांत वैविध्य होतं. फोर्डच्या ‘द लाँग व्हॉयेज होम’मधला (१९४०) खलाशी आणि ‘द सी वुल्फ’मधला (१९४१) चहाडखोर, ओंगळ स्वयंपाकी पाहावेत. बॉयलमधली घाण, भीती आणि लबाडी तिथे शाबूत आहे. १९४० मध्ये न्यूयॉर्कला त्याने सारा ऑलगुडबरोबर ‘जूनो’चे प्रयोगही केले. म्हणजे हॉलिवूडला जाणं आणि रंगभूमी सोडणं ही एकच गोष्ट ठरली नव्हती. दोन्ही दारं उघडी होती, आणि त्याच्या कारकिर्दीबद्दल लिहिताना हीच वर्षं सर्वांत घाईने उरकली जातात.

१९४४: बढती

दिग्दर्शक लिओ मॅकॅरीने ‘गोइंग माय वे’मध्ये त्याला फादर फिट्झगिबन केलं: चर्च कर्जात बुडालेलं, स्वतःचं वय झालेलं, आणि वरून पाठवलेला गाणारा तरुण पाद्री म्हणजे गायक-नट बिंग क्रॉस्बी. प्रॉटेस्टंट घरातला नट जगाला कॅथलिक पाद्री म्हणून पाठ झाला, हा योगायोग डब्लिनवाल्यांना खास आवडतो. शेवटी क्रॉस्बीने आयर्लंडहून आणवलेली म्हातारी आई समोर उभी राहते आणि हा काही न बोलता तिच्याकडे जातो. फिट्झजेराल्डकडून संवाद काढून घेतला तरी काय उरतं, हे तिथे दिसतं.

मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. ऑस्करच्या मतदानात याच एका भूमिकेसाठी त्याला प्रमुख आणि सहायक अशा दोन्ही विभागांत नामांकन मिळालं. असं पुन्हा होऊ नये म्हणून अकादमीने पुढे नियमच बदलला. १५ मार्च १९४५ च्या समारंभात प्रमुख भूमिकेचं पारितोषिक क्रॉस्बीला आणि सहायक भूमिकेचं याला गेलं. मात्र न्यूयॉर्कच्या चित्रपट समीक्षकांच्या मंडळाने त्या वर्षीचा सर्वोत्तम अभिनेता म्हणून फिट्झजेराल्डलाच निवडलं होतं. युद्धामुळे धातूची टंचाई, त्यामुळे ऑस्करची बाहुली प्लास्टरची होती. घरात गोल्फचा हात फिरवताना त्याने तिचं मुंडकं उडवलं.

किस्सा गमतीचा आहे, दुहेरी नामांकन तितकं नाही. चरित्र अभिनेत्याचं नक्की स्थान कोणतं, हे व्यवस्थेला ठरवता येत नव्हतं. सत्तावन्न वर्षांच्या, बुटक्या, देखण्या नसलेल्या नटाने सिनेमा पेलला होता. आता स्टुडिओ त्याचं काय करणार?

स्टुडिओने तेच पुन्हा केलं. क्रॉस्बीबरोबर ‘वेलकम स्ट्रेंजर’ (१९४७), क्रॉस्बीबरोबरच ‘टॉप ओ द मॉर्निंग’ (१९४९). रागीट पण मनाने मऊ म्हातारा, एक घोट व्हिस्की, ओला डोळा. अपवाद आहेत, ते मान्य करायला हवेत. रने क्लेअरच्या ‘अँड देन देअर वेअर नन’मधला (१९४५) न्यायाधीश थंड आणि धारदार आहे. ‘द नेकेड सिटी’त (१९४८) तर श्रेयनामावलीत त्याचंच नाव पहिलं, न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर चित्रित झालेल्या सिनेमाचा नायक साठीचा पोलीस अधिकारी असणं हे त्या काळात लहान धाडस नव्हतं. पण तोही अधिकारी आयरिश, मिश्कील आणि प्रेमळच. ‘सी वुल्फ’मधला तो ओंगळ स्वयंपाकी पुन्हा दिसला नाही.

निष्पत्ती

१९५१ च्या उन्हाळ्यात फोर्डने ‘द क्वाएट मॅन’चं बाह्यचित्रण मेयो परगण्यातल्या काँग गावी केलं. फिट्झजेराल्ड लग्न जुळवणारा, आर्थर प्रॉटेस्टंट पाद्री, भोवती अ‍ॅबीतले जुने-नवे नट. त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, अ‍ॅबीची इमारत जळाली. त्या रात्री तिथे ‘द प्लाउ अँड द स्टार्स’चा प्रयोग झाला होता.

मायकलीनची भूमिका आजही लोकांना तोंडपाठ आहे आणि तिच्यात फिट्झजेराल्डचं लयीचं भान पुरेपूर आहे. पण कॅप्टन बॉयल ज्याने पाहिला असेल त्याला त्या विनोदाखालची जमीन गेलेली दिसेल. मायकलीन पितो कारण पिणारा आयरिश माणूस गोड दिसतो. बॉयल पितो आणि त्याचं घर संपतं.

नंतरच्या वर्षांत काम विरळ झालं. १९५९ चा ‘ब्रॉथ ऑफ अ बॉय’ हा त्याचा शेवटचा सिनेमा. तो ह्यू लेनर्डच्या अ‍ॅबीत झालेल्या नाटकावरून घेतलेला होता, म्हणजे शेवटी पडद्यामार्गे का होईना त्या घराशी गाठ पडली. तो डब्लिनला परतला, आणि ४ जानेवारी १९६१ रोजी तिथेच वारला.

मॅकॉर्मिकचा मार्गही पाहून घ्यायला हवा. तो अ‍ॅबीतच राहिला. १९२६ मध्ये यीट्सच्या रूपांतरातला ग्रीक शोकांतिकेचा नायक इडिपस त्याने केला होता. जॉक्सर आणि इडिपस एकाच नटाला मिळणं हे अशाच नाट्यगृहात घडू शकतं. पण जगाने त्याला पाहिलं ते मुख्यतः कॅरोल रीडच्या ‘ऑड मॅन आउट’मध्ये, आणि तो सिनेमा आला त्याच वर्षी, १९४७ मध्ये, एप्रिलमध्ये तो गेला. डब्लिनबाहेर आज त्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

वेगळं काय करता आलं असतं

१९२९ चा राजीनामा लवकर द्यायला हवा होता, असं मला वाटत नाही. १९२६ नंतर लगेच दिला असता तरी ओकेसी अ‍ॅबीतून जायचा तो गेलाच असता, आणि यीट्सचा नकार एका नटाच्या राजीनाम्याने बदलला नसता. अ‍ॅबीने ‘सिल्व्हर टॅसी’ अखेर १९३५ मध्ये घेतलं, पण तोवर ओकेसी इंग्लंडचाच झाला होता.

१९३६ मध्ये परतणं हा मॅकॉर्मिकचा मार्ग, आणि त्याची किंमत वर दिसलीच.

खरी संधी होती ती ऑस्करनंतर. १९४५ पूर्वी महायुद्धामुळे अटलांटिक ओलांडून डब्लिनला हंगाम करणं शक्यच नव्हतं. युद्ध संपलं तेव्हा त्याच्या हातात पहिल्यांदाच अटी घालण्याची ताकद होती. दर दोन वर्षांनी काही महिने अ‍ॅबीसाठी मोकळे ठेवून घेणं, निदान न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर वर्षाआड उतरणं, हे स्टुडिओला डोईजड नव्हतं; आणि क्रॉस्बीबरोबरचा दुसरा सिनेमा नाकारून त्याऐवजी एखादी अंधारी, लहान भूमिका मागता आली असती. त्याने रंगभूमी मात्र त्या आधीच थांबवली होती. ब्रॉडवेवर तो १९४१ नंतर उतरला नाही. ओकेसी जिवंत होता, डेव्हनमध्ये राहून लिहीत होता, आणि त्याच्या नव्या नाटकांना उभं करणारं कायमचं नाट्यगृह मिळत नव्हतं. प्रसिद्ध नट पाठीशी उभा राहिला असता तर एखादं नाटक तरी लवकर मार्गी लागलं असतं, असं मानायला जागा आहे.

मात्र यात एक गोष्ट मोजावी लागते: तो साठीला टेकला होता, आणि रोज रात्रीच्या प्रयोगाचं ओझं त्या वयात काय असतं हे बाहेरच्याने ठरवू नये. शिवाय ही खिडकी अरुंद होती. १९४६ ला उघडली, आणि जुलै १९५१ ला इमारत जळाल्यावर अ‍ॅबीची मंडळी क्वीन्स थिएटरच्या मोठ्या सभागृहात गेली. तिथे खुर्च्या भरण्यासाठी हलकीफुलकी नाटकं लांबवत चालवावी लागली, ती १९६६ ला नवी इमारत होईपर्यंत. त्या क्वीन्समध्ये त्याला बोलावलं असतं तर बहुधा मायकलीनसारखंच काहीतरी करायला बोलावलं असतं.